एका काटापट्टीवर दोन शेतकरी

राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी मी कापूस आवकेचं सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं. जावा भाषा, वेबपानं बांधायचं जेएसएफ, ते चालवणारा टॉमकॅट सर्व्हर, सगळं हाताखालचं. दसऱ्यानंतर आवक सुरू झाली आणि चौथ्याच दिवशी काट्यावर वजनाच्या पट्ट्या काढणाऱ्या पोराचा फोन आला. "भाऊ, पट्टीवर नाव दुसऱ्याचंच येऊन रायलं. शेतकरी भांडून रायले इथं."

घरी दहा वेळा करून पाहिलं, एकदाही चुकलं नाही. "तूच काहीतरी भलतं दाबत असशील," असं त्याला म्हणूनही बसलो. शेवटी गाडी काढली आणि काटाघरात जाऊन बसलो.

दहा मिनिटांत उलगडा झाला. जिनिंगात गाडी दोनदा काट्यावर चढते, आधी भरलेली, मग खाली होऊन. मधे ट्रॉली खाली व्हायला कधी कधी पाऊण तास जातो. तोवर रांग थांबत नाही. म्हणून पोरगा पहिल्या गाडीचा टॅब तसाच ठेवून दुसरीसाठी नवा टॅब उघडायचा. घरी मी कायम एकाच टॅबवर तपासत होतो.

आवकेचा बीन, म्हणजे पानावर भरलेली माहिती धरून ठेवणारा ऑब्जेक्ट, मी सेशनस्कोप्ड ठेवला होता, म्हणजे ब्राउझरचं सेशन चालू असेतो तो एकच. एका ब्राउझरच्या सगळ्या टॅबना सेशन ओळखायची जेसेशनआयडी ही कुकी एकच, म्हणजे सेशन एक आणि बीनही एकच. दुसऱ्या टॅबमध्ये नवा शेतकरी निवडला की त्या बीनमधला पहिला पुसला जायचा. पहिल्या टॅबवर मात्र नाव जुनंच दिसत राहायचं, कारण ते पान आधीच रंगवून झालेलं. पोरगा तिथे रिकाम्या गाडीचं वजन टाकून सेव्ह दाबायचा. रिकाम्या गाडीचं वजन एकाचं, शेतकरी आणि भरलेल्या गाडीचं वजन दुसऱ्याचं! चूक पोराची नव्हतीच, माझी होती.

उपाय सोपा वाटला, व्ह्यूस्कोप्ड करायचं, म्हणजे दर टॅबमधल्या पानाला वेगळा बीन. केलं, तर आणखी बिघडलं. शेतकरी निवडावा आणि पुढच्या क्लिकला तो गायब. पोस्टकन्स्ट्रक्टमध्ये, म्हणजे बीन तयार झाल्याबरोबर चालणाऱ्या मेथडमध्ये, लॉगची एक ओळ टाकली, तर एकदा पान उघडलं की ती ओळ चार-चारदा उमटे. दोन तास डोकं खाजवल्यावर फाइलच्या वरच्या इम्पोर्ट ओळींकडे लक्ष गेलं. आयडीईने, म्हणजे कोड लिहायच्या एडिटरने, परस्पर जावाएक्स.फेसेस.बीन मधला व्ह्यूस्कोप्ड ओढून आणला होता आणि बीनवर सीडीआयचं नेम्ड लावलेलं होतं. सीडीआय, म्हणजे बीन बनवून सांभाळणारी जावाची यंत्रणा, त्या जुन्या स्कोपला ओळखतच नाही, त्यामुळे दर वेळी नवा बीन जन्माला येत होता. हवा होता जेएसएफ 2.2 पासून आलेला जावाएक्स.फेसेस.व्ह्यू मधला. नाव तेच, पॅकेज वेगळं. जेएसएफच्याच नंतरच्या आवृत्तीत, फेसेस 4.0 मध्ये, ते जुनं पॅकेजच काढून टाकलं, बरं झालं.

तरी एक दुखणं उरलंच, व्ह्यूएक्स्पायर्डएक्सेप्शन, म्हणजे पानाची मुदत संपल्याची एरर. टॉमकॅटचं सेशन मुळात 30 मिनिटांचं, ट्रॉलीला लागतात 45. मधे काही क्लिक झालं नाही की सेशन संपलेलं. मी आधी वेब.एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये मुदत 480 मिनिटं केली. ही मात्र मलमपट्टी होती. शिवाय मोजार्रा, म्हणजे जेएसएफची लायब्ररी, मुळात एका सेशनमध्ये पंधराच व्ह्यू, म्हणजे उघडलेली पानं, सांभाळतो, सोळावा आला की सर्वांत जुना जातो. आवकेच्या दिवशी पंधराचा आकडा काहीच नाही.

खरं तर भरलेल्या गाडीचं वजन सेशनमध्ये ठेवायचं काहीच कारण नव्हतं. आता पहिलं वजन झालं की टोकन नंबरासकट ते थेट डेटाबेसमध्ये जातं आणि गाडी खाली होऊन आली की टोकन टाकायचं. मुदत पुन्हा 30 केली.

पुढच्या आठवड्यात दुपारी लाईन गेली, काँप्युटर बंद पडला तेव्हा आवारात चार गाड्या खाली होत होत्या. लाईन आल्यावर पोराने चारही टोकनं टाकून पट्ट्या काढल्या. मला हे दुसऱ्या दिवशी चहा पिताना कळलं, तेही तो लाईनीच्या नावाने बोटं मोडत होता म्हणून.