ड्रॉप वायरचं टोक नीट करा, बाकी सगळं नंतर

घरात फायबर घ्यायचं म्हटलं की राऊटर कुठला आणि स्पीड किती यावरच चर्चा, बाहेरच्या बॉक्सपासून घरात येणाऱ्या त्या काळ्या चपट्या ड्रॉप वायरकडे कोणी बघतच नाही, आणि नेट अडकायला लागलं की घोळ नेमका तिच्याच टोकाला सापडतो.

ओढायचं काम तसं सोपंय. ताण बाजूच्या स्टीलच्या तारेवर द्यायचा, क्लॅम्पही तिलाच, फायबरवर जोर नको. भिंतीतलं भोक बाहेरच्या बाजूला जरा उतरतं पाडायचं आणि आत शिरायच्या आधी वायरला खाली झोळ द्यायचा, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. जी.६५७.ए२ फायबर (वळायला सोशिक असलेली जात) साडेसात मिमी त्रिज्येपर्यंत वळते हे खरं, पण म्हणून कोपऱ्यात खिळा ठोकून काटकोनात दाबायची गरज नाहीये.

खरी मजा टोकाला. जॅकेट खाचेतून फाडायचं, दोन्ही बाजूच्या मजबुतीच्या काड्या कापायच्या, मग २५० मायक्रॉनचं कोटिंग स्ट्रिपरने एका दमात काढायचं, आत उरते १२५ मायक्रॉनची नुसती काच. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइपने पुसायची, नीट साफ झाली की बोटात चक्क चुर्रर्र आवाज येतो. त्यानंतर क्लिव्हर, म्हणजे काच सरळ तोडायचं हत्यार, आणि क्लिव्ह केल्यावर त्या टोकाला बोट लावायचं नाही म्हणजे नाही! तुटलेले तुकडे लगेच टेपला चिकटवा किंवा बाटलीत टाका, पायात घुसले तर दिसत पण नाहीत.

फास्ट कनेक्टरमध्ये, म्हणजे मशीनशिवाय जागेवरच बसवायच्या कनेक्टरमध्ये, फायबर आत टेकून मागे किंचित कमान आली की मगच लॉक करायचा. स्प्लायसिंग मशीन (दोन फायबर वितळवून जोडणारं) असेल तर अर्थात तेच बरं. हिरवा कनेक्टर म्हणजे टोक ८ अंश तिरकं, तो सरळ टोकाच्या निळ्यात बसतो पण लॉस खातो, म्हणजे सिग्नल वाया जातो, त्यामुळे 'बसला ना' म्हणून सोडू नका.

शेवटी प्रकाश मोजायचं पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर लावा, घराकडे येणारा सिग्नल त्याच तरंगलांबीवर असतो. जीपॉन या फायबर नेटच्या पद्धतीत बी प्लस वर्गाच्या ओएनटीची (घरातला फायबर मोडेम) मर्यादा मायनस २७ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं माप), त्याखाली सिग्नल कमी पडतो, पण मायनस २५-२६ दिसलं तरी मी खोलून परत करतो, कारण उद्या थोडी धूळ बसली की लाल लाईट लागणारच. टोकात डोळा घालून प्रकाश येतोय का बघू नका, तो दिसत नाही आणि डोळ्याला घातक ठरू शकतो. आणि बॉक्समध्ये थोडी जास्तीची वायर गुंडाळून ठेवा, प्रत्येक नवीन टोकाला काही सेंटीमीटर जातातच.