बोधीच्या तळघरातून एरीला परत आणताना

‘बाल्डर्स गेट २’ हा २००० साली आलेला कॉम्प्युटर गेम मी यंदा पहिल्यांदा शेवटपर्यंत खेळलो, आणि त्यातला सहावा अध्याय मला सर्वांत जड गेला. अंडरडार्क या भूगर्भातल्या जगातून वर येऊन आम्ही अथकात्ला शहराच्या कबरस्तानात पाऊल टाकले, तोच बोधी ही व्हॅम्पायर समोर उभी राहिली आणि एरीला घेऊन गेली. माझ्या पात्राचे एरीवर प्रेम होते, आणि बोधी नेमके अशाच सोबत्याला उचलते. पडद्याच्या उजवीकडच्या सहा चेहऱ्यांपैकी एक नाहीसा झाला, तेव्हा मी गेम पॉज करून काही वेळ नुसता बसून राहिलो.

सर्कशीच्या तंबूत भेटलेली, पंख छाटले गेलेली ही मुलगी माझ्या गटाची पुरोहितही होती आणि जादूगारही. त्यामुळे ती गेली तेव्हा तिच्यासोबत आमचे निम्मे मंत्रही गेले. तरीही रागाच्या भरात मी तसाच कबरस्तानाखालच्या बोधीच्या तळघरात शिरलो. व्हॅम्पायरचा प्रत्येक फटका अंगाला लागला की लेव्हल, म्हणजे पात्राच्या ताकदीची पातळी, उतरते, लेव्हल उतरली की पुढचा फटका अधिक सहज लागतो, आणि या चक्रात आधी माझा सोबती मिन्स्क पडला व पाठोपाठ मीही. सेव्ह पुन्हा उघडल्यावर मात्र मी घाई सोडली. गोदी भागातल्या क्रॉमवेल लोहाराकडून इलिथियम हा धातू घालून मजबूत केलेली मेस ऑफ डिसरप्शन ही गदा, जिच्या धारकाची लेव्हल उतरत नाही, ती अनोमेन या दुसऱ्या सोबत्याच्या हाती दिली, आणि पुढे लढणाऱ्या इतरांवर त्याच्याकडून निगेटिव्ह प्लेन प्रोटेक्शन हा लेव्हल उतरू न देणारा मंत्र लढाईच्या तोंडावरच टाकून घेतला.

बोधी पडली, पण एरीही आता व्हॅम्पायर होऊन आमच्यावरच चालून येत होती, आणि तिला वाचवायचे तर आधी तिला मारावेच लागते. तिच्यावर हल्ल्याचा आदेश देताना माझा हात खरोखर अडखळला.

यानंतर एक चूक झाली. ज्यासाठी आम्ही बोधीकडे आलो होतो तो रिन लँथॉर्न हा कंदील उचलून मी निघालो आणि बऱ्याच पुढे गेल्यावर लक्षात आले की एरीचा मृतदेह मागेच, जमिनीवरच्या वस्तूंच्या ढिगात राहिला आहे. परत जाऊन मृतदेह आणि बोधीचे काळे हृदय ही दोन्ही सामानात असल्याची मी दोनदा खात्री केली, कारण पुढच्या विधीला दोन्ही लागतात.

तो विधी उमर टेकड्यांजवळच्या, अमाउनेटर या विस्मृतीत गेलेल्या सूर्यदेवाच्या पडक्या मंदिरात होतो. तिथल्या अंधाराच्या स्वामीला आम्ही पूर्वीच संपवले होते, म्हणून वाट मोकळी होती. मूर्तीपाशी मृतदेह आणि हृदय अर्पण केले आणि एरी जिवंत झाली. तिचा चेहरा पट्टीत परत दिसल्यावर मी सर्वांत आधी गेम सेव्ह केला, आणि मग आम्ही सहाही जण कंदील घेऊन एल्फ सेनापती एल्हानच्या छावणीकडे निघालो.