झाकणाखालची एक लोंबी

जावा बेटावरच्या लोककथा पर्यावरणीय स्त्रीवादाच्या, म्हणजे स्त्रीचे आणि निसर्गाचे शोषण एकत्र पाहणाऱ्या विचाराच्या, अंगाने वाचू लागले की स्त्री आणि निसर्ग एकच, असे म्हणून मोकळे होण्याचा मोह होतो. भाताची देवता देवी स्री (आपली श्रीच ती) हिच्या देहातून भाताचे रोप उगवल्याची कथा या मोहाला खतपाणीही घालते. परंतु स्त्रीला धरणी म्हटले की तिच्या कष्टांचा हिशेब कोणी विचारत नाही, आणि या कथा तर तोच हिशेब मांडत असतात, असे मला वाटते.

जाका तारुब नावाच्या तरुणाची कथा घ्या. सात बिदादरी, म्हणजे आपल्या विद्याधरी, तळ्यात स्नान करत असताना तो एकीची ओढणी चोरतो. उडून जाण्याचे साधनच हरवल्यामुळे ती बिदादरी, नावांगवुलान, त्याच्याशी संसार मांडते. भाताची एकच लोंबी भांड्यात घालून ती घरादाराला पुरेल इतका भात शिजवते, आणि झाकण उघडू नकोस, एवढीच तिची अट असते. नवरा झाकण उघडतो, आत लोंबी पाहतो आणि तिची विद्या संपते. त्या दिवसापासून तिला इतर बायकांसारखे मुसळ हाती घेऊन भात कांडावा लागतो. या कथेत निसर्ग स्त्रीच्या देहात नाही, तर तिला अवगत असलेल्या काटकसरीत आहे, आणि ती काटकसर मोडते ती पुरुषाच्या अविश्वासाने.

कापणीतही हेच दिसते. देवी स्री घाबरू नये म्हणून जावातल्या बायका तळहातात लपणाऱ्या आनी-आनी नावाच्या छोट्या पात्याने एकेक लोंबी खुडत आणि मजुरी म्हणून पिकाचा वाटा घेत. १९७० च्या दशकात बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या वाणांबरोबर विळे आले, कापणीचे काम बव्हंशी पुरुषांच्या टोळ्यांकडे गेले, आणि भात सडण्याच्या गिरण्यांनी कांडपाची मजुरीही हिरावली. श्रद्धा म्हणून हसण्यावारी नेलेल्या त्या पात्यावर कितीतरी घरांची चूल पेटत होती.

कथेतल्या नावांगवुलानचे कांडण मात्र वाया गेले नाही. रोज भात काढून काढून कणगी रिकामी होत गेली, आणि तळाशी तिला तिची ओढणी सापडली.