कचरापेटी रिकामी

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, गेरचा (इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीचा) रंग कानामागे तसाच असताना, ज्युनिअरचा फोन आला. "सर, रात्री स्क्रिप्ट व्यवस्थित चालली. पण कचरापेटी रिकामी आहे."

इंदूरमधल्या एका ट्रान्सपोर्टवाल्याचा सर्व्हर आम्ही सांभाळतो. जुन्या बिल्ट्यांचे (मालाच्या पावत्यांचे) स्कॅन आधी कचरापेटीत टाकायचे, महिनाभर कोणी विचारलं नाही तर पुसायचे, असं ठरलं होतं. पोरानं स्क्रिप्टमध्ये, एकेक फाईल घेणाऱ्या फॉर-लूपमध्ये, सरळ 'आरएम' (फाईल कायमची पुसणारी आज्ञा) लिहिलं. कारण आमच्या सगळ्यांच्या बॅशआरसीत (बॅश, म्हणजे आपल्या आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम, त्याच्या सेटिंगची फाईल) 'आरएम' म्हणजे 'ट्रॅश-पुट' (कचरापेटीत टाक) असा एलियस, म्हणजे टोपणनाव, होता. तो मीच घातला होता, आणि नव्या पोरांसमोर मिरवलाही होता. त्यानं लूप टर्मिनलवर चालवून पाहिला, फायली कचरापेटीत गेल्या. तीच ओळ क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) गेली आणि खरं 'आरएम' चाललं.

स्क्रिप्ट बॅशआरसी वाचतच नाही, हे त्याला माहीत होतं, म्हणून त्यानं एलियस स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहिला होता! पण नॉन-इंटरॅक्टिव्ह बॅश, म्हणजे समोर कोणी टाईप करत नसताना स्क्रिप्ट चालवणारं बॅश, एलियस उलगडतच नाही, त्याच्या जागी खरी आज्ञा ठेवत नाही. त्यासाठी 'शॉप्ट -एस एक्सपांड_एलियसेस' ही सेटिंग लागते. ती घालूनही माझ्या चाचणीत काही होईना. अर्धा तास डोकं आपटल्यावर दिसलं की ज्या 'इफ'च्या (अटीच्या) आत 'आरएम' होतं, शॉप्ट आणि एलियस दोन्ही मी त्याच 'इफ'च्या आत लिहिले होते. बॅश अख्खा 'इफ' आधी वाचतं, मग चालवतं, आणि एलियस उलगडतो तो वाचताना. म्हणजे आतल्या 'आरएम'ला एलियस झाल्याची खबरच नाही. फंक्शनचंही (नाव दिलेल्या आज्ञांच्या गटाचंही) तेच: व्याख्या वाचली जाते तेव्हा जो एलियस असेल तोच लागतो. बॅशचं मॅन्युअलच सांगतं, एलियसपेक्षा फंक्शन वापरा. वाचतं कोण? मी वाचलं होतं, तरी.

आदल्या रविवारच्या बॅकअपवरून बहुतेक स्कॅन परत आले. मालकांना फक्त एकच जाणून घ्यायचं होतं, "चूक कोणाची?" मी पोराचं नाव घेतलं नाही, माझंही घेतलं नाही. "सेटिंग" म्हणालो.

आता स्क्रिप्टमध्ये 'ट्रॅश-पुट' पूर्ण नावानं लिहिलंय, आणि सगळ्यांच्या बॅशआरसीतून मी तो एलियस काढून टाकला. दोन सीनिअर भडकले, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी आपापल्या फायलीत परत घातला.