असईच्या रानात

रविवार, रात्री. मुक्काम भोकरदन.

नकाशावर कितीदा पाहूनही न उमगलेली गोष्ट आज केळना नदीच्या काठावर उभं राहिल्याबरोबर कळली. शिंदे-भोसले आणि इंग्रज यांच्यातली 23 सप्टेंबर 1803 ची असईची लढाई नदी ओलांडायच्या एका उतारानं फिरवली. अलीकडे पिंपळगाव, पलीकडे वरूड, दोन्ही गावं नदीच्या काठाला अगदी समोरासमोर. वाटाड्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा सेनापती वेलस्ली याला सांगितलं होतं की इथून नदी ओलांडता येणार नाही. त्यानं मात्र ही दोन गावं पाहिली आणि ताडलं की एवढ्या जवळच्या गावांना एकमेकांकडे जायला वाट असलीच पाहिजे. बरोबर आलेले आजोबा म्हणाले, "असंल ना बाई. सोयरिकी काय पोहून करायच्या का?" 

मग आम्ही पलीकडच्या रानात गेलो. दक्षिणेला केळना, उत्तरेला जुई, आणि पूर्वेकडे निमुळती होत गेलेली ही जमीन. आज तिथं कपाशी आहे, मका आहे, मधूनमधून सोयाबीन. वेलस्ली पूर्वेच्या टोकाकडून आत शिरला, म्हणजे बाजूनं वार करायचा. शिंद्यांच्या कवायती पलटणींचं तोंड तेव्हा दक्षिणेला, नदीकडे होतं. शिंद्यांच्या चाकरीतल्या पोलमन या जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या सरदारानं ती सगळी रांग पूर्वेकडे वळवली. उजवी बाजू केळनेला टेकलेली, डावी असई गावाला. दहा हजारांवर पायदळ आणि शंभराच्या आसपास तोफा, शत्रू समोर दिसत असताना वळवायच्या! ढेकळांतून चालताना माझीच दमछाक झाली, आणि त्यांनी हे तोफांसह केलं. कवायत किती पक्की असेल! दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांचं घोडदळ प्रचंड होतं, पण लढाईचा भार पडला तो या पायदळावर आणि तोफखान्यावर.

गोलंदाजांबद्दल मला आज रात्री लिहायचंच आहे. त्यांच्या माऱ्यानं वेलस्लीच्या तोफा ओढणारे बैल मेले, तोफा मागे राहिल्या. असईच्या बाजूला जास्तच सरकलेली 74 वी हायलँडर्स पलटण जवळजवळ कापली गेली. शेवटी संगिनी अंगावर आल्या तरी गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. कित्येक जण तोफेशीच पडले. काही जण मेल्यासारखे पडून राहिले, आणि इंग्रजी रांग पुढे निघून गेल्यावर उठले, तोफा उलट्या फिरवल्या आणि पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा पुन्हा घ्यायला वेलस्लीला स्वतः घोडदळ घेऊन यावं लागलं. त्याच्या मांडीखालचे दोन घोडे त्या दिवशी जायबंदी झाले.

आणि तरीही मोजदाद पाहा. कंपनीकडचे 428 ठार, 1138 जखमी, 18 बेपत्ता. माणूसन् माणूस लिहून ठेवलेला, अधिकाऱ्यांची तर नावानिशी नोंद. आपल्या बाजूला नुसता अंदाज, बाराशेच्या आसपास मेले असतील असा. मला याचा त्रास होतो, खरंच होतो. नेपोलियनला हरवलेल्या वॉटर्लूच्या लढाईनंतरही वेलस्ली आपली सर्वांत उत्तम लढाई म्हणून असईचं नाव घेत असे. मग ती ज्यांनी इतकी अवघड करून ठेवली, त्यांच्यातला एकसुद्धा आपल्याला नावानं ठाऊक नसावा?

"आपली बाजू" असं सहज लिहून गेले, पण तेही इतकं सरळ नाही. वेलस्लीचे बहुतेक शिपाई मद्रासचे होते. त्याच्या मदतीला म्हैसूरचे घोडेस्वार होते आणि पेशव्यांच्या बाजूचे मराठे स्वारही. 1802 च्या अखेरीस वसईच्या तहावर बाजीरावांनी सही केली, त्यातूनच हे युद्ध पेटलं. उलट शिंद्यांच्या पलटणी उभ्या केल्या त्या युरोपियन सरदारांनी, आणि त्यांत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई खूप. त्यामुळे इथं पडलेला गोलंदाज मराठी बोलत असेल की हिंदुस्थानी, कोण सांगणार? माझ्या दृष्टीनं त्यानं फरक पडत नाही. तो या मातीत, शिंद्यांच्या तोफेशी पडला.

पुढचं सारं भराभर घडलं. जखमी इंग्रजांना अजिंठ्याला हलवलं. नोव्हेंबरात अडगावची लढाई गेली, डिसेंबरात गाविलगड पडला, आणि 30 डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह. दिल्ली आणि गंगा-यमुनेमधला दुआब शिंद्यांच्या हातून गेले. नगरचा किल्ला तर ऑगस्टातच पडला होता.

नांगरताना पूर्वी लोखंडी गोळे निघायचे, असं आजोबा सांगत होते. पोरं खेळायला न्यायची, बाकीचे भंगारात गेले. मी त्यांना गोलंदाजांची हकीकत सांगितली. ते बांधावर बसून लक्ष देऊन ऐकत होते, आणि मग एकच विचारलं, "त्यांचे पगार कोण लिहीत असंल?" मला हे सुचलं नव्हतं. पगार म्हटला की कारकून आला, कागद आला, आणि कागदावर नाव आलं. असे कागद कुठे उरले असतील तर बहुधा मोडी लिपीत किंवा फारसीत. फारसी माझ्याच्यानं होणार नाही. मोडीचा वर्ग या दिवाळीनंतर लावते आहे.