मांडीवर वाद्या घेऊन वाचायची पुस्तकं

सोमवार, रात्री

चाबकाची पुस्तकं आमच्या वाचणाऱ्यांच्या कंपूत हातोहात फिरताहेत. काही विणायला शिकवणारी, काही चालवायला शिकवणारी, आणि तोंडी लावायला कादंबऱ्या. आज डेव्हिड मॉर्गन यांच्या 'व्हिप्स अँड व्हिपमेकिंग'वरून चांगलीच जुंपली. पुस्तक १९७२ चं. इंडियाना जोन्सच्या चित्रपटांसाठी ज्यांनी चाबूक करून दिले तेच हे मॉर्गन, त्यामुळे ते हातात घेणाऱ्याची अपेक्षा आधीच आभाळाला टेकलेली असते. एक गृहस्थ वैतागून म्हणाले, "इतिहास, प्रकार, नावं... अहो, विणायचं कधी?" त्यावर एक मैत्रीण म्हणाली, विणायचं नसलं तरी वाचावंसं वाटतं, हेच तर त्या पुस्तकाचं यश.

मला दोघांचंही पटलं. उपशीर्षकातच सांगितलंय की विणकामाची ओळख करून दिली आहे. ओळख करून देणाऱ्याकडून संसाराची हमी मागायची नसते.

पण अशी भांडणं ऐकताना मी आता एकच गोष्ट बघते: बोलणाऱ्याने पुस्तक खुर्चीत रेलून वाचलंय की मांडीवर वाद्या, म्हणजे विणायच्या चामड्याच्या पट्ट्या, घेऊन. खुर्चीतल्या वाचकाला भाषा खटकते, छपाई खटकते, प्रकरणांचा क्रम खटकतो. वाद्यावाल्याची तक्रार वेगळीच असते. तो म्हणतो, तिसऱ्या आकृतीत डावीकडचा पेड वरून जातो आणि चौथीत तोच खालून आलेला दिसतो, मधे काय झालं? अशी एक तक्रार मला दहा कौतुकांपेक्षा जास्त उपयोगी पडते. कुठे अडलं ते सांगणारा माणूस तिथपर्यंत तरी पोचलेला असतो.

मंगळवार

काल लिहायचं राहिलं ते हे की या पुस्तकांची माझी स्वतःची एक परीक्षा आहे. मी सरळ 'पेड सोडण्या'चं पान काढते.

चाबूक मुठीपासून टोकाकडे निमुळता होत जातो. मुठीपाशी बारा पेड असतील, तर पुढे दहा, मग आठ, शेवटी सहा. म्हणजे वाटेत पेड कमी करत जायचे. ज्या वादीला निरोप द्यायचा ती आत गाभ्याला मिळवायची आणि उरलेल्या वाद्यांनी तिची जागा अशी भरायची की वरून काही कळू नये. नवशिक्याचा चाबूक बिघडतो तो इथेच. तिथे फोड आल्यासारखी गाठ दिसते किंवा नक्षीची रांगच तुटते. तरी बऱ्याच पुस्तकांत या कामाला एवढुसा परिच्छेद मिळतो, 'दोन वाद्या आत घ्या आणि विणत राहा'. बस्स! आणि मुठीवरच्या शोभेच्या गाठीला मात्र पानंच्या पानं. ती टर्क्स हेड गाठ देखणी असते, तिची छायाचित्रं छान येतात, हे सगळं मान्य. पण ती चुकली तर सोडून पुन्हा घालता येते. मधला पेड चुकला तर तिथपर्यंतचं सगळं उसवावं लागतं.

दुसरी लपवाछपवी गाभ्याची. बाहेरून दिसतो तो नुसता वरचा थर. आतला गाभा हाही एक बारीक, बहुधा चारपेडी विणलेला, टोकाकडे निमुळता चाबूकच असतो. त्याच्यावर चामड्याची पट्टी लपेटायची आणि मग वरचं विणकाम चढवायचं. भारी चाबकात हा खटाटोप दोनदा असतो. गाभा कसाबसा उरकून वरचे सोळा पेड नाजूक विणले तर चाबूक दिसतो राजबिंडा आणि हवेत पडतो मेल्यासारखा. ज्या पुस्तकात गाभ्याचं प्रकरण वरच्या विणकामाहून छोटं आहे त्याच्या लेखकावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. चूक असेन, पण ठेवत नाही.

बुधवार

रॉन एडवर्ड्स यांच्या चाबूक विणायच्या पुस्तकाबद्दल सगळ्यांचं एकमत झालं, हे आमच्यात नवलच. ऑस्ट्रेलियातला माणूस, मुळात चित्रकार. छायाचित्रात सगळ्या वाद्या एकाच रंगाच्या दिसतात आणि कुठली कुठे गेली ते कळत नाही. चित्रकार नको ते गाळतो, हवं ते ठळक करतो. चारपेडीत बाहेरची वादी मागून फिरवून आणायची, एकीखालून काढायची आणि एकीवरून न्यायची. आठपेडीत दोहोंखालून, दोहोंवरून. हे वाक्य वाचून डोक्यात काहीच उभं राहत नाही. चित्र पाहिलं की बोटं आपोआप हलायला लागतात.

तक्रार एकाचीच होती, आणि तिच्यात तथ्य आहे. अशा पुस्तकांत कांगारूच्या कातड्यावाचून पान हलत नाही. त्याला कारणही आहे म्हणा. त्या कातड्यातले तंतू बहुतांशी पृष्ठभागाला समांतर धावतात, त्यामुळे ते पातळ केलं तरी ताकद टिकवून ठेवतं. एकाच कातड्यातून गोल गोल फिरत लांबलचक वादी कापता येते, मग ती रापीने दोन्ही कडांना तासायची, ताणायची, साबण-चरबीचं मिश्रण लावायचं आणि विणायला बसायचं. तासलेली कड दुसऱ्या वादीच्या कडेवर बसली की विणकाम गुळगुळीत होतं. पण ज्याला हे कातडं मिळणारच नाही त्याने काय करायचं? अशांसाठी नायलॉनच्या दोरीची मार्गदर्शकं आहेत, आणि त्यांना कातडेवाले नाक मुरडतात. मला ते नाक मुरडणं पटत नाही. नायलॉन पावसात भिजून खराब होत नाही, तासायला लागत नाही, उसवून पुन्हा विणता येतो. अडचण इतकीच की दोरी सगळीकडे सारख्याच जाडीची, म्हणून निमुळतेपणा फक्त पेड सोडून आणायचा, आणि ती हलकी असल्यामुळे गाभ्यात वजन घालायचं. म्हणजे फिरून गाडी पेड सोडण्यावरच आली.

शुक्रवार

चाबूक चालवायला शिकवणारी पुस्तकं. यांच्यावर वाचकांचा राग जास्त, आणि मला वाटतं तो निम्मा अनाठायी आहे. "पहिलं प्रकरण नुसत्या सूचनांचं!" असं एकीने तणतणत सांगितलं. चष्मा घाला, पूर्ण बाह्या घाला, टोपी घाला, आसपास कुणी नाही ना ते बघा. पण टोक परत येतं ते चालवणाऱ्याकडेच, आणि सुरुवातीला तर हटकून कानाशी किंवा गालाशी येतं. हे प्रकरण शेवटी ढकलणारी पुस्तकं मला बेजबाबदार वाटतात. नवशिक्याला सहा ते आठ फुटांचा चाबूक पुरतो, हेही चांगली पुस्तकं आधीच सांगतात. वाचक मात्र चित्रपटातला लांबलचक मागवतो आणि मग पुस्तकाला नावं ठेवतो.

उरलेला निम्मा राग खरा आहे. हालचाल कागदावर पकडणं अवघड. बाणांच्या आकृत्या हात कुठून कुठे जातो ते दाखवतात, पण हात कुठे थांबतो आणि मनगट कधी सैल सोडायचं ते बाणात येत नाही. कॅटलमन्स क्रॅक, सर्कस क्रॅक, सिडनी फ्लॅश... चाबूक कडाडवायच्या प्रकारांची नावं पाठ होतात आणि चाबूक पायाला गुंडाळतो. जोर लावून काही होत नसतं, हे वाक्य प्रत्येक पुस्तकात असतं. जोर न लावता काय लावायचं ते क्वचित एखाद्याच पुस्तकात.

याच पुस्तकांनी मला आवाजाचं शास्त्र शिकवलं, हे मात्र मानलं पाहिजे. चाबूक कडाडतो तेव्हा तो कशावरही आपटलेला नसतो. टोक आवाजापेक्षा वेगाने जातं, म्हणजे साध्या हवामानात सेकंदाला साधारण ३४३ मीटरपेक्षा जास्त, आणि त्या वेगाने हवेत उठणाऱ्या धक्कालहरीचा तो कडाका असतो. १९५८ साली अतिवेगवान छायाचित्रणाने हे दाखवून दिलं गेलं. मग २००२ मध्ये अॅरिझोना विद्यापीठातल्या अॅलन गोरीली आणि टायलर मॅकमिलन यांनी गणित मांडलं की कडाका निघतो तो चाबकावरून धावत जाणाऱ्या वेटोळ्यामुळे. हात वेटोळं तयार करतो, ते निमुळत्या अंगावरून पुढे सरकतं, पुढचा भाग हलका होत जातो तसा वेग वाढत जातो. गाभा, पेड सोडणं, निमुळतं करणं, हा सगळा उपद्व्याप त्या वेटोळ्याची वाट अडू नये म्हणून. टोकाला बांधलेला क्रॅकर, तो दोऱ्याचा छोटासा गोंडा, झिजून झिजून तुटतो तो याच वेगापायी. तो बदलायचा असतो, हे न सांगणाऱ्या पुस्तकाचे वाचक काही दिवसांनी "चाबूक बिघडला" म्हणत बसतात.

रविवार

आज कादंबऱ्या. शास्त्र कळल्यापासून माझं कादंबरीवाचन थोडं नासलंय.

'त्याच्या पाठीवर चाबूक कडाडला', हे वाक्य मला किती कादंबऱ्यांत भेटलंय! पाठीवर कडाडत नाही हो. वेटोळं उलगडायच्या आत अंगावर बसला तर नुसता थाडकन आवाज येतो. कडाका हवेत होतो. गुरं हाकणारे याच आवाजावर काम चालवतात, जनावराच्या अंगाला न लावता, बाजूला किंवा वर कडाडवून. चांगल्या गुराख्याच्या कळपात वळ उठलेलं जनावर नसतं. एवढं साधं माहीत असलं तरी एखादा लेखक किती वेगळा प्रसंग लिहील.

आणि जागा! परवा एक साहसकथा वाचली, तिच्यात नायक तळघराच्या अरुंद बोळात बारा फुटांचा चाबूक फिरवून तिघांना लोळवतो. मागे तेवढीच मोकळी जागा लागते, वर लागते, बाजूला लागते. बोळात तो चाबूक भिंतीला खाजवत बसेल. वेळही लागतो. एक फटका मारला की चाबूक पुन्हा मागे उलगडेपर्यंत समोरचा माणूस जवळ येऊन नायकाच्या कानाखाली आवाज काढू शकतो. आमच्यातल्या एकाने मला सुनावलं, "कादंबरी आहे, शस्त्रांचा कोश नाही." बरोबर आहे. पण तलवारीबद्दल कुणी असं लिहिलं असतं तर त्याच माणसाने पुस्तक फेकून दिलं असतं. चाबकाला कुणीही काहीही करायला लावतं.

समुद्री कादंबऱ्यांत वेगळी गंमत. तिथे नऊ शेपटांचा दोरखंडी चाबूक असतो, 'कॅट', आणि तो कडाडत नाहीच. त्याचं काम फक्त मारणं. ब्रिटिश आरमारातली फटक्यांची शिक्षा १८७९ मध्ये स्थगित झाली, पण कादंबऱ्यांत ती अजून जोरात चालू आहे. या कथांचे चाहते शिस्त, जहाज, कप्तान यांबद्दल भरभरून बोलतात. ज्याच्या पाठीवर ती शिस्त उमटते त्या खलाशाचं नावही बऱ्याचदा त्यांच्या लक्षात राहिलेलं नसतं. लेखकानेच दिलेलं नसतं, वाचक तरी काय करणार?

या सगळ्यात मी फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन पुन्हा उघडलं. ते कादंबरी नाही, गुलामगिरीत जन्मलेल्या माणसाची साक्ष आहे. पहिल्याच प्रकरणात त्यांच्या मावशीला मालक बांधून मारतो आणि लहानगा फ्रेडरिक घाबरून कपाटात दडतो, प्रकार संपल्यावरही बराच वेळ बाहेर यायची हिंमत करत नाही. हत्यार आहे गाईच्या कातड्याचं. कसब नाही, लकब नाही, हवेत उमटणारी सुंदर वेटोळी नाहीत. मारणारा काय करतो याहून जास्त मला दडून बसलेल्या पोराचं भय दिसलं. कंपूत काहींना वाटतं की चाबकाच्या गमतीच्या पुस्तकांच्या यादीत हे आणू नये, रंग बिघडतो. माझं म्हणणं उलट. विणकामाचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा वाचावं, आणि मग खुशाल पेड मोजत बसावं. मीही तेच करते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कपाटात राहू शकतात. कंपूत यावर एकमत होणार नाही, आणि व्हायला हवं असंही नाही.

सोमवार

नव्याने आलेल्या एकाने विचारलं, पहिलं पुस्तक कुठलं घेऊ? मी म्हटलं, आधी सुतळीचे चार तुकडे घे आणि चारपेडी वेणी घाल, हातभर तरी. ती एकसारखी आली तर चित्रांचं पुस्तक घे. आली नाही तरी तेच घे. इतिहासाचं मागाहून. चालवायचं शिकायचंच असेल तर पुस्तकाआधी माणूस शोध, आणि माणसाआधी चष्मा.

तो म्हणाला, "आणि कादंबरी?" मी त्या तळघरवाल्या साहसकथेचं नाव सांगितलं. खोटी आहे, पण एका बैठकीत संपते. एडवर्ड्स यांचं पुस्तक तो आजच मागत होता, ते मात्र मी दिलं नाही. माझ्या वाद्या अजून आठ पेडांवरून सहावर यायच्या आहेत.