वृक्षवाटिकेची हंगामी नोंद: आधी बुंधे, मग फुलं

हिवाळा सरत आलाय. निष्पर्ण विच हेझेलवर पिवळ्या फितींसारख्या पाकळ्या दिसतात आणि स्नोड्रॉपचे शेंडे मातीतून वर आलेत. मॅग्नोलियाच्या लवदार कळ्या अजून मिटलेल्या आहेत. त्या जितक्या उशिरा उघडतील तितकं बरं, कारण उमललेल्या पाकळ्यांवर एकदा हिम पडलं की सकाळी सगळ्या तपकिरी. ही वाटिका ज्येष्ठांच्या वसाहतीत आहे; इथे फेरफटके पुन्हा वाढतात ते याच दिवसांत, म्हणून सगळ्यांचं लक्ष आधी फुलांकडे जातं. यंदा मात्र सुरुवात बुंध्यांपासून केली.

कारण असं की, आच्छादन म्हणून घातलेल्या लाकडी चिपांचा नवा थर दरवर्षी जुन्यावर पडत गेला आणि खोडांभोवती वारुळासारखे ढीग झाले. आत साल सतत ओली राहते आणि कुजते. उंदीर तिथे आसरा घेतात आणि साल कुरतडतात. त्याहून वाईट म्हणजे, मुळं त्या ढिगात शिरून खोडाभोवती फिरू लागतात आणि पुढे खोड जाड झालं की त्यालाच आवळतात. ओळखायची खूण सोपी आहे: निरोगी झाडाचं खोड जमिनीजवळ रुंदावत जातं. ते खांबासारखं सरळ मातीत शिरत असेल, किंवा एका बाजूला सपाट दिसत असेल, तर खाली नक्की काहीतरी बिघडलंय. त्याच बाजूचा शेंडा विरळ होतो आणि पानांचा रंगही लवकर पालटतो.

पालवी फुटण्याआधी माती ओलसर असताना हे काम करावं. चिपा हातानेच बाजूला करायच्या, कुदळ लावायची नाही. मग खुरप्याने खोडाकडून बाहेरच्या दिशेने माती सैल करायची आणि शेवटचा थर मऊ ब्रशने किंवा नळाच्या हलक्या धारेने काढायचा. पहिली जाड मुळं आडवी फुटताना दिसली की थांबायचं. वरच्या थरात फुटलेली केसासारखी तंतुमुळं कात्रीने कापली तरी चालतात. खोडाला वेढा घालणारं बारीक मूळही कापावं. मात्र वेढा मनगटाएवढा जाड असेल किंवा सालीत रुतला असेल, तर हात लावू नका. ओढून काढलं तर साल सोलून येते, आणि तेच मूळ झाडाला पाणी पुरवत असू शकतं. अशा झाडांना खुणेची फीत बांधून ती वृक्षतज्ज्ञासाठी सोडली आहेत.

आच्छादन परत घालताना थर ५ ते ८ सेंमी जाड ठेवला आणि खोडापासून एक वीतभर जागा मोकळी सोडली. रुंदी हवी तितकी वाढवा, उंची नाही.

छाटणीत सगळं कळीच्या वयावर ठरतं. लायलॅक आणि फॉर्सिथिया ही झुडपं गेल्या वर्षीच्या लाकडावर फुलतात, म्हणून त्यांना आता कात्री लागली तर यंदाची फुलंच जातात. फुलोरा ओसरला की लगेच छाटा. पॅनिक्युलाटा हायड्रेंजिया नव्या फुटीवर फुलते, तिची छाटणी आत्ताच करावी. मोठ्या पानांची मॅक्रोफिला हायड्रेंजिया मात्र जुन्या लाकडावरची आहे. दोघींना एकच नियम लावल्याने नुसती हिरवी झुडपं उरतात. जाड फांदीला तीन काप द्यावे लागतात: खोडापासून सुमारे ३० सेंमीवर खालून एक तृतीयांश, त्याच्या थोडं बाहेर वरून पूर्ण, आणि उरलेला खुंट बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. कडं कापलं तर जखम भरत नाही. रंग किंवा डांबर फासायची गरज नाही.

डॅफोडिलची पानं फूल गेल्यावर किमान सहा आठवडे तशीच राहू द्या. गाठी बांधून ‘नीटनेटकी’ करू नका, कांद्यात साठा भरतोय तो त्याच पानांतून. हे कांदे खायच्या कांद्यासारखे दिसतात पण विषारी आहेत, म्हणून भाजीच्या वाफ्यांपासून लांब लावले. डिजिटॅलिस (फॉक्सग्लोव्ह) आणि यू नावाचं झाड हेही विषारी आहेत, म्हणून ते स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांच्या वाटेवरून हलवायचे आहेत. हाताशी येईल तिथे रोझमेरी आणि लॅव्हेंडर लावायचे, चुरगाळून वास घेता येतो. चाकाच्या खुर्चीतून काम करायच्या उंच वाफ्याची रुंदी एका बाजूने ६० सेंमीपेक्षा जास्त नको, त्यापलीकडे हात पोचत नाही.

नामफलक स्टीलच्या स्क्रूंवर स्प्रिंग घालून बसवले, म्हणजे खोड वाढलं की फलक पुढे सरकतो. तारेने बांधलेले जुने फलक काढले, दोन ठिकाणी तार सालीत रुतू लागली होती. झाडांची यादीही ताजी करतोय. वृक्षवाटिकांना मान्यता देणाऱ्या आर्बनेट या संस्थेच्या पहिल्या पातळीच्या मान्यतेला किमान २५ प्रकारची काष्ठमय झाडं आणि त्यांचे नामफलक लागतात.

फॉर्सिथियाचा बहर ओसरला की पुढची छाटणी, आणि तेव्हाच मोकळे केलेले बुंधे पुन्हा तपासायचे: पावसाने माती परत खोडाशी सरकते.